पाहुणीला वाढली थंडी

एका कोरड्या मुलखात एक छोटासा राजा होता. राज्य इतकं छोटं, की एका टोकाला कोंबडा आरवला तर दुसऱ्या टोकाची माणसं उठून चूळ भरायची. तिथं पाऊस पाहुण्यासारखा यायचा. सांगून येत नसे, आणि आला तरी टेकत नसे. म्हणून की काय, तिथल्या लोकांना पाहुण्यांचं भारी कौतुक. दारी आलेला माणूस अर्ध्या पोटी उठला, तर घराला बट्टा लागला असं मानत. वाढायची रीत तर विचारूच नका. पाहुणा नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरायचा, आणि हे त्या हातावरच तूप ओतायचे. हात पोळला तर चालेल, आग्रह कमी पडता कामा नये.

राजाची एक बाग होती. बागेत पायऱ्यांची विहीर, डाळिंबं, केळी, थोडी फुलझाडं. अर्धी बाग नागोजी माळी बघायचा आणि अर्धी साबाजी माळी. साबाजी तापानं गेला, तेव्हापासून त्याची अर्धी बाग त्याची बायको भिवरा सांभाळू लागली. बागेतल्याच खोपटात ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच राहायच्या. डाळिंबं साबाजीच्या हातची होती. भिवरा रोज सकाळी एकेका बुंध्याला हात लावत जायची, घरच्या माणसाला झोप लागली का विचारावं तशी.

नागोजीला मात्र सगळी बाग हवी होती. कष्टाळू होता, पण मनात हाव होती. दर सणाला मुजरा करायला गेला की राजाच्या कानावर घालायचा, "महाराज, बाईमाणसाला बाग झेपत नाही."

एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला घोड्यांचा एक व्यापारी आला. लांबच्या बर्फाच्या डोंगरातला माणूस. त्याला यांची भाषा चार शब्द यायची, यांना त्याची एकही नाही. गावानं त्याला आठ दिवस असं जेवू घातलं, की नवव्या दिवशी घोड्यावर चढवायला चार गडी लागले. निघताना त्यानं राजाच्या हातात दोन मुळ्या ठेवल्या. दिसायला वाळक्या रताळ्यासारख्या, आणि वरच्या अंगाला उसाच्या कांडीला असतात तसे लाल लाल डोळे.

"पिओनी," तो म्हणाला. "फूल. एवढं." आणि त्यानं ओंजळ पसरून दाखवली.

त्याची जीभ जड, गावाचे कान घाईचे. सगळ्यांनी ऐकलं ते "पाहुणी".

झालं. नाव ऐकूनच गाव विरघळलं. परमुलखातून पाहुणी आली, एकटी आली, हिचं करू तेवढं थोडं. राजानं दोन्ही माळ्यांना बोलावलं. एक मूळ नागोजीला दिलं, एक भिवराला. म्हणाला, "रोज रोज कानाशी भुणभुण नको. ज्याच्याकडे ही पाहुणी हसेल, त्याची सगळी बाग. दुसऱ्यानं आपली भांडीकुंडी उचलायची. तीन वर्षं देतो."

नागोजीनं बाहेर येताच कामाला सुरुवात केली. हातभर खोल खड्डा घेतला. कोणी म्हणालं, "एवढं खोल?" तर म्हणाला, "पाहुणीला काय उंबऱ्यावर बसवायची? आत माजघरात घ्यायची असते." खड्ड्यात शेणखत घातलं, वर सुक्या मासळीचं कूट घातलं, गुळाचं पाणी शिंपलं. जागाही विहिरीजवळची, उबदार. मूळ पुरून वरून वाळल्या गवताची दुलई पांघरली. गाव बघायला आलं आणि माना डोलावून गेलं. पाहुणचार असावा तर असा.

भिवरा मूळ पदरात घेऊन घरी आली. सासू दारात पाय पसरून बसली होती.

"आत्याबाई, हिला आता काय वाढू?"

"मला काय विचारतेस? मी तुला विचारलं होतं, आठवतं का?"

भिवराला चांगलं आठवत होतं. ती खालच्या मुलखातली, समुद्राकाठची. लग्न होऊन घाट चढून या पठारावर आली, तेव्हा सगळ्यांनी तिचे लाड केले. बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, ठेचा, पुरणाची पोळी, दुधाची वाटी. भिवरा खायची आणि वाळत जायची. लोक म्हणायचे, सुनेला नजर लागली. महिन्याभरानं सासू तिच्याजवळ बसली आणि एवढंच म्हणाली, "पोरी, तुझ्या माहेरी काय खात होतात गं?" भिवराच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "भात. मऊ भात आणि मीठ." सासूनं बाजाराच्या गावाहून पायलीभर तांदूळ आणवले. आठ दिवसांत सून हसायला लागली.

भिवरानं मूळ ओल्या फडक्यात गुंडाळलं, कमरेला पदर खोचला आणि व्यापाऱ्याच्या मागं निघाली. तो कितीसा लांब जाणार? आठ दिवसांचं पुरण पोटात होतं. नदीच्या उतारापाशी झाडाखाली आडवा झालेला सापडला.

"दादा, हिच्या माहेरी हिला काय वाढतात?"

व्यापारी उठून बसला. मग मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "आठ दिवस झाले. मला कोणी विचारलं नाही. सगळे वाढतात. मला फक्त ताक पाहिजे होतं."

भिवराला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तिनं जवळच्या वाडीतून त्याला गाडगंभर ताक आणून दिलं. त्यानं ते एका घोटात संपवलं आणि मग बोटं मोडत, हातवारे करत सगळं सांगितलं. अंगठ्याचं नख दाखवलं. डोळे मातीखाली इतकेच, याहून खाली नाही. खताचं नाव काढताच नाक मुरडलं. दुपारचं ऊन नको म्हणून कपाळावर हात धरला. शेवटी तीन बोटं वर केली आणि खांदे आखडून कुडकुडून दाखवलं.

"तीन महिने. बर्फ. खूप थंडी. हिचं जेवण, थंडी."

"आणि फूल?"

"घाई नको. हलवायची नाही. उकरून बघायची नाही."

भिवरा परत आली ती विचार करतच. जेवण कळलं, पण ते या मुलखात मिळणार कुठं? बर्फ तर तिनं जन्मात पाहिला नव्हता.

रात्रीची भाकरी थापताना तिनं सासूला विचारलं, "आत्याबाई, आपल्याकडे थंडी कुठं राहते?"

दुसरी कोणी असती तर सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाली असती. म्हातारी म्हणाली, "नाल्याकाठच्या खोलगट वाफ्यात. माझ्या सासऱ्यांनी तिथं दोनदा हरभरा केला. दोन्ही वेळा गारठ्यानं जळाला. वरच्या रानात हिरवागार, आणि तिथं काळा ठिक्कर. तेव्हापासून तो वाफा कोणी करत नाही."

पाणी जसं उतारानं खाली जातं, तशी थंडीही उतारानं खाली जाते आणि खोलगट जागी साचते. ही गोष्ट त्या जळक्या हरभऱ्यानं शिकवली होती. पण गावानं त्यातून एवढंच घेतलं, की जागा वाईट.

भिवरानं पाहुणीला त्या वाईट जागी नेलं. पश्चिमेला बोरीचं झाड होतं, ते दुपारचं ऊन अडवायचं. तिनं माती भुसभुशीत केली, पाणी साचू नये म्हणून खाली खडी घातली आणि नखाएवढ्या मातीखाली डोळे झाकले. खत नाही, गूळ नाही, दुलई नाही. गाव बघायला आलं आणि न बोलता परत गेलं. न बोलता म्हणजे तिच्यासमोर. पाणवठ्यावर बोलायला काय जातं?

"बाईनं पाहुणीला नाल्यात टाकली गं."

"उघडी ठेवलीय म्हणे."

"बघवत नाही. हे पाप कुठं फेडेल?"

मार्गशीर्ष लागला तशी भिवरानं आणखी एक रीत काढली. लोक दिवस मावळला की पांघरूण घालतात आणि सकाळी काढतात. भिवरा उलटं करायची. सकाळी ऊन वर यायच्या आत पाहुणीवर बोरूची चटई घालायची, म्हणजे साचलेली थंडी पळून जाऊ नये. दिवस मावळला की चटई काढून आभाळ मोकळं करायची. आणि रोज संध्याकाळी मडक्यात गार झालेलं पाणी मातीच्या पसरट परळांत ओतून, ते परळ गवताच्या काडावर मांडून वाफ्याभोवती ठेवायची. कोरड्या हवेत मडक्यातलं पाणी गार होतं, हे तर त्या मुलखातल्या पोरासोरांनाही ठाऊक. ज्या कोरडेपणाला गाव उठता बसता शिव्या द्यायचं, त्यालाच भिवरानं आचारी केलं.

पहिल्या वर्षी पाहुणीनं दोन पानं दाखवली आणि मिटली. नागोजीची मात्र पानांनी भरली. तो ती लोकांना दाखवत फिरला. भिवराचं तोंड उतरलं, तशी सासू म्हणाली, "नवी सून पहिल्या वर्षी मान वर करत नाही. दुसऱ्या वर्षी ओटीवर येऊन बसते. किल्ल्या मागते ती तिसऱ्या वर्षी. तू काय आल्या दिवशी मागितल्या होत्यास?"

दुसऱ्या वर्षी भिवराची पाहुणी गुडघ्याएवढी झाली. फूल नाही. नागोजीच्या पाहुणीलाही फूल नाही. त्यानं खत दुप्पट केलं, गूळ तिप्पट केला. त्याच पावसात त्याच्या पाहुणीची पानं काळी पडली. उकरून बघतो तर मूळ कुठलं? नुसता आंबूस चिखल. जेवता जेवता मेली बिचारी.

आता नागोजीची बाग कशी राहायची? त्यानं एकच विचार केला. आपली पाहुणी गेली ती गेली, भिवराची तरी का राहावी? पौषात तो राजाला म्हणाला, "महाराज, माझी पाहुणी माझ्या हातचं खाऊन गेली. तिकडे भिवरा मात्र तिला उपाशी ठेवतेय, थंडीत उघडी टाकतेय. आपल्या राज्यात पाहुणीचे असे हाल?"

राजा संध्याकाळचा बागेत आला. खोलगट वाफ्यात बघतो तर काय? पानांचा पत्ता नाही. चार वाळक्या काड्या आणि भोवती पाण्याचे परळ. वाऱ्यानं राजाच्या मिशा गार पडल्या. त्याला अगदी कसंसंच झालं. वाड्यावर गेला आणि अंगावरची पश्मिन्याची शाल कारभाऱ्याच्या हाती दिली. "ही पाहुणीला पांघर. माझा हुकूम आहे म्हणावं."

कारभारी शाल घेऊन आला. भिवरानं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. शाल सशासारखी मऊ होती. मग ती म्हणाली, "कारभारी, महाराजांची माया मोठी. पण ही शाल पाहुणीला घातली तर तिच्या तोंडचा घास काढल्यासारखं होईल."

"हुकूम आहे, भिवरा."

"हुकुमाचा अर्थ एवढाच, की कुडकुडणाऱ्याला शाल घाला. मी घालते." असं म्हणून तिनं ती शाल सासूच्या अंगावर घातली. म्हातारी शेकोटीपाशी दात वाजवत बसली होती. तिनं शाल गळ्याशी घट्ट ओढली आणि कारभाऱ्याला म्हणाली, "महाराजांना सांगा, बरोबर पत्त्यावर पोचली."

राजाला हे सांगितलं तेव्हा त्याला हसू आलं नाही. निरोप आला, "पाडव्याला येईन. पाहुणी हसली नाही, तर त्याच दिवशी बाग सोडायची. डाळिंबासकट."

त्या आठवड्यात थंडी अशी पडली, की विहिरीतून वाफ निघायला लागली. दिवस मावळताना भिवरा चटई काढायला गेली आणि तिथंच उभी राहिली. त्या चार काड्या बघवेनात. नागोजी खरं बोलत असला तर? आपणच हिला मारत असलो तर? खोपटात जाऊन तिनं गोणपाट आणलं. पांघरायला वाकली. हात वाफ्यावर आला, आणि तिला नदीकाठी आडवा झालेला तो व्यापारी आठवला. ताटावर हात आडवा धरून बसलेला, आणि त्या हातावर पडणारं तूप. गोणपाट घालून कोणाला बरं वाटणार होतं? पाहुणीला की आपल्याला?

भिवरानं गोणपाटाची घडी केली. परळ भरले. घरी आली.

सकाळी चटई घालायला गेली, तर परळातलं पाणी हलेना. तिनं बोट लावलं. वर पापडासारखा पातळ, काचेसारखा थर होता. बोट चरचरलं. भिवरानं तो उचलला, उन्हाकडे धरून बघितला, आणि तिला एकदम उमगलं हे काय आहे. डोंगराएवढा बर्फ लांब राहिला, पण त्याचा पापड तिच्या परळात लाटून आला होता. तिनं एकेक परळ रिकामा केला आणि तो चुरा पाहुणीच्या मुळाशी मांडला.

"जेव बाई पोटभर," ती म्हणाली. "माहेरचं आलंय."

ती थंडी नऊ दिवस राहिली. नऊही दिवस पाहुणी जेवली.

माघ सरता सरता मातीतून लाल कोंब वर आले. एक नाही, दोन नाही, अकरा. फाल्गुनात त्यांना गोटीएवढ्या कळ्या लागल्या. कळ्यांवर मुंग्या धावू लागल्या तसा नागोजी राखेची टोपली घेऊन आला. "वहिनी, कीड लागली. राख टाकतो." भिवरा वाटेत उभी राहिली. "राहू द्या भावजी. कळीतून मध पाझरतोय, मुंग्या तो चाटतायत. खाऊन झालं की जातील." नागोजी आला तसा टोपली घेऊन परत गेला. गोटीची लिंबं झाली, लिंबांची डाळिंबं झाली.

पाडव्याची गुढी दारोदार उभी राहिली, तेव्हा राजा बागेत आला. मागं कारभारी, मागं नागोजी, मागं सगळं गाव. नाल्याकडे वळण्याआधीच वास आला. कोणी म्हणालं गुलाबाचा, कोणी म्हणालं केवड्याचा. कोणालाच नीट सांगता येईना, कारण तो त्या मुलखात आधी कधी आलाच नव्हता. आणि खोलगट वाफ्यात, जिथं हरभरासुद्धा जळायचा, तिथं पाहुणी हसत होती. अकरा फुलं. एकेक फूल ओंजळीएवढं, पहाटेच्या आभाळासारखं गुलाबी, आत पाकळ्यांच्या घड्यांवर घड्या, जणू कोणी नव्या नऊवारीच्या निऱ्या करून ठेवल्या होत्या.

पाणवठ्यावर बोलणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

राजा वाकला. फुलाला हात न लावता कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "भिवरा, हिला वाढलंस तरी काय?"

"थंडी, महाराज. तिच्या माहेरचं जेवण."

"आणि माझी शाल?"

म्हातारी पुढं आली. चैत्राच्या उन्हातही तिनं शाल सोडली नव्हती. म्हणाली, "ती ही बघा. हवी तर घ्या परत. पण मला कोणी विचारलं, तर मी थंडी वाजते असंच सांगेन."

राजा हसला, तसं सगळं गाव हसलं. हसता हसता राजा थांबला. आठ दिवस जेवू घातलेला तो व्यापारी त्याला आठवला असावा. म्हणाला, "बाग तुझी, भिवरा. सगळी. बोलल्याप्रमाणे नागोजीनं भांडीकुंडी उचलावी."

नागोजीची मान खाली गेली. भिवरानं त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, "महाराज, बाग माझी असेल तर माळी मी ठेवीन. नागोजीभावजींचा हात सढळ आहे. तो हात पाहुणीला मानवला नाही. पण केळीला खत, पाणी, ऊब, सगळं भरपूर लागतं. केळी त्यांनीच बघाव्यात."

नागोजीनं खांद्यावरचं उपरणं काढून डोळे पुसले आणि त्याच दिवशी केळीच्या आळ्यात खत घालायला गेला. त्या वर्षी असे घड लागले, की झाडांना टेकू द्यावे लागले.

तेव्हापासून त्या गावाची रीत बदलली. पाहुणा आला की आधी पाणी देतात, मग विचारतात, "तुमच्या घरी काय खाता?" आणि त्यानं ताटावर हात आडवा धरला, तर तुपाची वाटी मागं घेतात. पाहुणी मात्र त्या वाफ्यातून हलली नाही. कितीतरी पिढ्या गेल्या, दर पाडव्याला ती हसते. गाव गमतीनं म्हणतं, पाहुणचार इतका बरोबर झाला, की पाहुणी जायचंच विसरली.

तात्पर्य: आपल्याला गोड लागतं ते दुसऱ्याच्या ताटात लोटणं म्हणजे माया नव्हे, त्याला काय मानवतं ते आधी विचारावं, आणि ते देताना आपला जीव कळवळला तरी हात आवरावा.